डोंगरावरचा धूर : ज्वालामुखीचा अंदाज बांधणं म्हणजे काय?



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "हर्सूलला ज्वालामुखी कुठून आणणार?" आणायची गरजच नाही. आत्ता आपण ज्याच्यावर खुर्च्या मांडून बसलो आहोत, ते सगळं ज्वालामुखीचंच काम आहे. इथल्या कुठल्याही विहिरीत डोकावून बघा. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. आणखी खाली गेलं की छिद्राछिद्रांचा ठिसूळ खडक लागतो, एखाद्या ठिकाणी गेरूसारखा लाल पट्टा लागतो, आणि त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. विहीर खणणाऱ्या माणसाला ही उतरंड पाठ असते, कारण कुठे सुरुंग लावायचा आणि कुठे पाणी मिळणार हे तिच्यावरच ठरतं.

ही उतरंड म्हणजे लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या चादरी आहेत. एक चादर पसरली, की तिच्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर येऊ पाहतो. तेवढ्यात वरचा भाग थिजतो आणि बुडबुडे अडकतात. म्हणून प्रत्येक चादरीचा माथा छिद्रांचा आणि पोट भरीव. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या छिद्रांमध्ये स्फटिक धरतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते तुमच्या हातात पांढरे, हिरवट, चमचमणारे दगड ठेवतात ना, ते हेच. आणि लाल पट्टा? दोन चादरींच्या मधल्या काळात वरचा खडक उघडा पडला, ऊनपावसानं झिजला, त्याची माती झाली. मग पुढची चादर आली आणि तिनं ती माती भाजून काढली. म्हणजे लाल पट्टा हा विश्रांतीचा पुरावा आहे. तिथं काही काळ शांतता होती.

अशा चादरींनी आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. जवळजवळ सगळा महाराष्ट्र, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे भाग. सह्याद्रीत ही जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं. काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लोकांचा एक समज मात्र इथं दूर करायला हवा. आपला देवगिरीचा डोंगर दुरून टोकदार दिसतो, म्हणून पुष्कळांना तो ज्वालामुखीचं मुख वाटतो. तसा तो नाही. आजूबाजूच्या चादरी झिजून गेल्या आणि मधला एक तुकडा उभा राहिला, एवढंच. दख्खनचा लाव्हा बहुतांशी लांबच लांब भेगांतून वाहिला. त्या भेगा धुळे-नंदुरबारकडे आजही दिसतात; त्यांत थिजलेला कठीण खडक शेतांमधून काळ्या भिंतीसारखा उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे भूगर्भशास्त्राच्या माणसानं सांगावं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथं काय काम? काम आहे. हे सगळं कोणी पाहिलेलं नाही. त्या वेळी पाहायला माणूसच नव्हता. तरीही आपण ते ठामपणे सांगतो. कशाच्या बळावर? अनुमानाच्या. आणि अनुमान म्हटलं की आपल्या न्यायशास्त्रातलं पहिलं उदाहरण कोणतं? डोंगरावर धूर दिसतो आहे, त्यापेक्षा तिथं अग्नी असला पाहिजे. आम्ही अनेक वर्षं वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहीत आलो. डोंगर, धूर आणि अग्नी या तीन शब्दांत ज्वालामुखीशास्त्राचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. नैयायिकांच्या मनात अर्थातच ज्वालामुखी नव्हता, कुणीतरी पेटवलेला वणवा असेल. पण उदाहरण चपखल बसतं.

न्यायसूत्रांवर वात्स्यायनाचं भाष्य आहे. त्यात अनुमानाचे प्रकार सांगताना दोन साधी उदाहरणं येतात. नदीला गढूळ पूर आलेला दिसला, त्यावरून वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असं आपण म्हणतो. हे कार्यावरून कारणाकडे जाणं, म्हणजे शेषवत्. आणि आभाळ भरून आलं, त्यावरून पाऊस येणार म्हणतो. हे कारणावरून कार्याकडे जाणं, म्हणजे पूर्ववत्. आपल्या विहिरीतली उतरंड वाचणं हे शेषवत् अनुमान. जिवंत ज्वालामुखीसमोर उभं राहून 'हा आता फुटेल का' असं विचारणं हे पूर्ववत् अनुमान. पहिल्यात चूक झाली तर फार तर एक शोधनिबंध मागे घ्यावा लागतो. दुसऱ्यात चूक झाली तर गाव जातं.

पहिलंही सोपं नाही बरं का. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चमूंचे निबंध आले. दोघांनीही दख्खनच्या चादरींचं वय अत्यंत बारकाईनं मोजलं होतं. बर्कलीच्या चमूनं खडकातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं, प्रिन्स्टनच्या चमूनं आपल्या त्या लाल पट्ट्यांमध्ये सापडणाऱ्या झिरकॉनच्या कणांवरून. हा सगळा उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांत आटोपला, यावर दोघांचं साधारण एकमत. पण डायनासोर ज्या काळात नष्ट झाले त्याच्या आधी जास्त लाव्हा आला की नंतर, यावर मतभेद. प्रिन्स्टनवाले म्हणतात, चार मोठे झटके होते आणि त्यातला एक त्या विनाशाच्या थोडा आधी सुरू झाला. बर्कलीवाले म्हणतात, जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा. खडक एक, डोंगर तेच, मोजमाप उत्तम, आणि तरी निष्कर्ष दोन. यात निराश होण्यासारखं काही नाही. दोघांनीही आपला हेतू, म्हणजे ज्याच्या आधारानं अनुमान केलं तो पुरावा, उघड्यावर मांडला आहे. ज्याला खोडायचं असेल त्यानं खोडावं.

अनुमानावरचा एक जुना हल्लाही न्यायसूत्रांतच नोंदवलेला आहे आणि तो फार मार्मिक आहे. आक्षेप घेणारा म्हणतो : अनुमानावर भरवसा ठेवू नका. नदीला पूर पावसानंच येतो असं नाही, कुठे बांध घातल्यानंही पाणी चढतं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणारच असं नाही, कुणी त्यांचं वारूळ मोडलं असेल. मोराचा आवाज आला म्हणजे मोरच आहे असं नाही, एखादा माणूस नक्कल करत असेल. थोडक्यात रोध, उपघात आणि सादृश्य. यावर नैयायिकांचं उत्तर असं, की दोष अनुमानाचा नाही, तुम्ही खूण नीट पाहिली नाही. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, पानं-फांद्या वाहून येतात. पावसाआधी मुंग्या एकाच वारुळातून निघत नाहीत, जागोजाग निघतात.

सादृश्याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर. काळ्या पाषाणात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, कडा उचललेल्या. ज्वालामुखीच्या प्रदेशात असा खड्डा दिसल्यावर तो ज्वालामुखीचं मुख म्हणून सांगितला गेला, यात नवल नाही. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या खडकात अशी काच सापडली, जी केवळ प्रचंड आघातानंच तयार होते. ज्वालामुखीत तसा दाब येत नाही. तेव्हा ठरलं की हा उल्केचा खड्डा आहे. मोराचा आवाज होता, मोर नव्हता.

आता जिवंत ज्वालामुखीकडे वळू. तिथल्या मुंग्या कोणत्या? शिलारस वर चढू लागला की वाटेतला खडक फोडतो, त्यामुळे बारीक बारीक भूकंप होतात, दिवसाला शेकडो. जागा करून घेण्यासाठी तो जमीन फुगवतो. ही फूग काही सेंटिमीटरच असते, पण जीपीएस आणि उपग्रहाच्या रडारला ती कळते. आणि वर येता येता दाब कमी होतो, तेव्हा त्यातला वायू सुटतो, सोड्याच्या बाटलीचं बूच सैल केल्यावर सुटतो तसा. कार्बन डायऑक्साइड खोलवरच सुटू लागतो, सल्फर डायऑक्साइड बराच वर आल्यावर. यातली कुठलीही एक खूण फसवू शकते. तिन्ही एकत्र येऊ लागल्या की शास्त्रज्ञ झोपत नाहीत.

फिलिपिन्समधला पिनातुबो. १९९१ पूर्वी सुमारे पाचशे वर्षं तो शांत होता. उतारावर आएता लोकांची वस्ती, पायथ्याशी अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट झाले. फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था आणि अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण यांनी मिळून यंत्रं बसवली. १३ मे रोजी सल्फर डायऑक्साइड मोजला तेव्हा दिवसाला सुमारे ५०० टन होता. २८ मेपर्यंत तो ५,००० टनांच्या वर गेला. आणि मग काही दिवसांतच ३०० टनांच्या खाली उतरला.

इथं थांबून विचार करा. तुमच्या हातात हे तीन आकडे आहेत. वायू कमी झाला, म्हणजे संकट टळलं? साध्या बुद्धीला तसंच वाटेल, आणि घरी परतायला अधीर झालेल्या माणसाला तर नक्कीच वाटेल. शास्त्रज्ञांनी उलट शक्यता धरली : वायू थांबलेला नाही, वाट बुजली आहे. आता आत दाब वाढणार. न्यायसूत्रातला तो 'रोध' शब्द इथं अक्षरशः खरा झाला. ९ जूनला इशारा सर्वांत वरच्या, पाचव्या पातळीवर नेला. १० जूनला क्लार्क तळ रिकामा केला, जवळजवळ पंधरा हजार माणसं हलवली. गावकरी तर याहून कितीतरी जास्त. १५ जूनला पिनातुबो फुटला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. नेमकं त्याच दिवशी वादळही आलं. पावसानं राख भिजली, जड झाली, छपरं कोसळली आणि कित्येक माणसं त्याखाली गेली. तरीही त्या इशाऱ्यामुळे किमान पाच हजार जीव वाचले असा हिशेब मांडला गेला आहे.

आता दुसरी बाजू बघू. कोलंबियातला नेवादो देल रुइस. उंच डोंगर, माथ्यावर बर्फ. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला होता. उद्रेक झाला तर बर्फ वितळेल, राख आणि पाणी मिळून चिखलाचे लोंढे दऱ्यांतून उतरतील, आणि आर्मेरो हे गाव त्यांच्या वाटेत आहे, हे त्या नकाशात होतं. अशा लोंढ्याला 'लाहार' म्हणतात, शब्द जावा बेटावरचा. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला. तसा फार मोठा नव्हता. लाहार आर्मेरोला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. गावाशेजारी चढण होती, पायी गाठता येईल एवढ्या अंतरावर. आणि तरी सुमारे २३ हजार माणसं मेली, कारण त्या दोन तासांत 'निघा' असं गावाला ठामपणे कुणी सांगितलं नाही. याहून अंगावर येणारी गोष्ट म्हणजे १८४५ मध्येही त्याच दरीतून असाच लोंढा येऊन सुमारे हजार माणसं गेली होती, आणि आर्मेरो वसलं ते त्याच जुन्या चिखलावर. विहीर खणणाऱ्याला ते दिसलं असतं.

आमच्या दृष्टीनं सगळा प्रश्न इथं आहे. न्यायशास्त्र अनुमानाचे आणखी दोन भाग करतं : स्वार्थ आणि परार्थ. स्वतःला पटलं ते स्वार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचं तर ते पुरत नाही. त्यासाठी पाच अवयवांचं वाक्य लागतं. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथंही तसाच धूर आहे. म्हणून इथं अग्नी आहे. विद्यार्थी विचारायचे, एवढं लांबण कशाला, दोन वाक्यांत भागतं की! स्वतःपुरतं भागतं. पण समोरच्या माणसाच्या मनात अनुमान उतरवायचं तर मधलं ते 'जसं स्वयंपाकघरात' लागतं. त्यानं स्वतः पाहिलेलं, त्याच्या ओळखीचं उदाहरण लागतं. आर्मेरोत पहिलं अनुमान झालं होतं, नकाशाच्या रूपात कागदावर होतं. दुसरं झालं नाही.

पिनातुबोला हेच कसं केलं बघा. पाचशे वर्षं शांत असलेला डोंगर फुटेल, हे तिथल्या अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना कसं पटणार? मोरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच जोडपं जगभरचे उद्रेक चित्रित करत हिंडायचं. रुइसनंतर त्यांनी ज्वालामुखीच्या धोक्यांवर एक चित्रफीत तयार केली होती. तप्त ढग, लाहार, राख, सगळं डोळ्यांना दिसेल असं. तीच पिनातुबोच्या आसपास दाखवण्यात आली. उदाहरण हा अनुमानाचा तिसरा अवयव म्हणतात तो हा. त्याच जूनच्या ३ तारखेला क्राफ्ट पतिपत्नी जपानमधल्या उन्झेनच्या तप्त ढगात सापडून गेले. त्यांची चित्रफीत पिनातुबोच्या पायथ्याशी माणसं हलवत होती, त्याच दिवसांत.

मग प्रत्येक वेळी इशारा द्यावा, लोकांना हलवावं, असं सरळ गणित आहे का? नाही. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ला सुफ्रिएर डोंगर धुमसू लागला. सत्तर हजारांहून अधिक माणसं काही महिने घराबाहेर काढली. वाफेचे स्फोट झाले, पण ज्याची भीती होती तो मोठा उद्रेक झाला नाही. फ्रान्सचे दोन नामवंत शास्त्रज्ञ, आरून ताझिएफ आणि क्लोद आलेग्र, यांच्यात यावरून जाहीर भांडण झालं. काही महिने शेती, शाळा, दुकानं बंद ठेवायची म्हणजे काय, हे हातावर पोट असलेल्या माणसाला विचारा. इशारा फुकट नसतो. त्याची किंमत जे हलतात ते मोजतात, आणि इशारा देणारा सहसा दुसऱ्या गावचा असतो. तरीही आम्हाला स्वतःला विचाराल तर आम्ही ग्वादलूपच्या बाजूचे. ग्वादलूपची माणसं घरी परतून सरकारला शिव्या देऊ शकली.

आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाचं अलीकडचं उदाहरण घ्या. भेगांतून लाव्हा वाहणारा प्रदेश, म्हणजे आपल्या दख्खनची अगदी छोटी आवृत्ती. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री भूकंपांच्या माळेवरून आणि जमिनीच्या हालचालीवरून ओळखलं, की शिलारस गावाखाली शिरला आहे. सुमारे ३,८०० माणसं त्याच रात्री बाहेर काढली. मग पाच आठवडे काहीच नाही! १८ डिसेंबरला उद्रेक झाला तो गावाबाहेर. जानेवारीत मात्र भेग गावाच्या कडेलाच उघडली आणि काही घरं जळाली. म्हणजे 'कुठे' हे बरंचसं बरोबर, 'होणार' हेही बरोबर, पण 'केव्हा' यावर आठवड्यांची फूट. आज या शास्त्राची ताकद साधारण एवढी आहे.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : "मराठवाड्यात पुन्हा ज्वालामुखी होऊ शकतो का? किल्लारीच्या वेळी तशी चर्चा होती."

चांगला प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी उलटून गेलेली ती पहाट. जमिनीतून आवाज येत होते, तेव्हा लोकांच्या मनात ज्वालामुखी येणं स्वाभाविक होतं. पण किल्लारीचा भूकंप खडकात साठलेला ताण सुटल्यामुळे झाला, शिलारसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि इथंच भूकंप आणि ज्वालामुखी यांत फरक पडतो. शिलारसाला खालून वर प्रवास करावा लागतो, तो चाहूल देतो. भूकंपाची अशी भरवशाची चाहूल अजून कुणाला सापडलेली नाही. किल्लारीच्या आधी वर्षभर छोटे धक्के बसत होते हे खरं. पण डहाणू-तलासरीकडेही नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची माळ लागली, लोक तंबूत झोपले, आणि मोठा भूकंप आला नाही. धक्क्यांवरून मोठा धक्का ही व्याप्ती पक्की नाही. तेव्हा कुणी तारीख-वार सांगून भूकंपाचं भाकीत करत असेल तर त्याला 'हेतू सांगा' एवढंच म्हणा.

विहिरीत गरम पाणी लागलं, शेतातून धूर निघाला, अशा बातम्या अधूनमधून येतात. उच्च दाबाची वीज जमिनीत उतरली तर माती आणि खडकही वितळतात, ते बघून लोक लाव्हा समजतात. पुन्हा सादृश्य. मराठवाड्याखाली आज वर येणारा शिलारस नाही. ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, तो आता आपल्याखाली राहिलेला नाही. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. तो स्रोत आज हिंदी महासागरात मॉरिशसजवळच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वारंवार फुटतो. १९७७ मध्ये लाव्हा वस्तीत शिरला, त्यानंतर १९७९ मध्ये तिथं वेधशाळा उभी राहिली, आणि आज जगातल्या सर्वांत बारकाईनं पाहिल्या जाणाऱ्या ज्वालामुखींत त्याची गणना होते.

भारताचा स्वतःचा एकच जागता ज्वालामुखी आहे, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून तो १९९१ मध्ये जागा झाला. २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ, अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली, 'सिंधु संकल्प' जहाजावरून त्या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते. अचानक राख उडू लागली. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते, सूर्य मावळल्यावर लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारे लाव्हाचे ओघळ दिसले. बेटावर वस्ती नाही, म्हणून हलवायला कोणी नव्हतं. पण राख आकाशातून जाणाऱ्यांना गाठते. १९८२ मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं जावाजवळ गालुंगुंगच्या राखेत बंद पडली होती. सुदैवानं ती पुन्हा सुरू झाली आणि विमान उतरलं. आज जगात राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रं आहेत. बॅरन बेटाच्या राखेची सूचना ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघते.

आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची माणसाकडे कसलीही लिखित नोंद नव्हती. राख लाल समुद्र ओलांडून, येमेन-ओमानवरून दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आकाशात पोचली. विमानं रद्द झाली. फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्रानं ती राख किती उंचीवर आहे आणि किती वाजता कुठे असेल हे आधीच नकाशावर मांडलं होतं, आणि आपल्या वैमानिकांना ते वेळेत मिळालं. ती कधी निघून जाईल याचाही अंदाज हवामान खात्यानं दिला होता.